जिथं नाव मोठ्यानं घेतात

दीड महिन्यापूर्वीच्या रविवारी दुपारी मी मिलिंदच्या आईला सात सुयांत दोरा ओवून दिला. तिची नजर अधू झाली होती, हात मात्र शाबूत होता. नाटकातल्या सहा बायकांच्या घागऱ्यांना खालची पट्टी घालायची होती. मी सुया ओवून उशीला टोचून ठेवायचो आणि ती एकेक उपसून घ्यायची. मधेच म्हणाली, दोरा एवढा लांब घेता, गुंता होतो. मी म्हटलं, मग स्वतः ओव. ती हसली. एवढंच. सोमवारी सकाळी चहा घेताना तिच्या छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत दवाखान्यातला डॉक्टर आमच्या मिलिंदला बाजूला घेऊन गेला. मला इंग्रजी येत नाही, पण मुलाची पाठ बघून कळतं बापाला.

मी चौथी शिकलेला माणूस. नागपूरला कापड गिरणीत साचे चालवले, आणि ती चाळीत लोकांचे ब्लाउज शिवायची. दोघांच्या कमाईवर एक मुलगा इंजिनियर झाला आणि त्यानं आम्हाला इकडं अमेरिकेत, पिस्कॅटवेला आणलं. इकडं येऊन मी काय करायचो? खिडकीत बसायचो. तिनं मात्र चार महिन्यांत माणसं जोडली. सुनेबरोबर कापडाच्या दुकानात गेली होती. तिथं एक उंच, पांढऱ्या केसांची काळी बाई एक ठाण हातात घेऊन विचार करत उभी होती. आमच्या बाईनं काही न बोलता त्या कापडाची कड धरली, दोन बोटांत ओढून दाखवली. सूत सुटलं. मग शेजारचं दुसरं ठाण काढून तिच्या हातात दिलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. ती बाई म्हणजे मिस लोरेटा. शाळेत नर्स होती, आता निवृत्त. अर्ध्या तासावरच्या गावात फर्निचरच्या एका बंद दुकानात ती काळ्या लोकांचं नाटकघर चालवते. पुढच्या आठवड्यात तिची व्हॅन आमच्या दारात उभी राहिली आणि मिलिंदची आई शिवणाचा डबा घेऊन त्यात बसून गेली.

आपल्या लोकांत कुजबुज झाली. एका जयंतीच्या कार्यक्रमात पुण्याकडचा एक तरुण मला म्हणाला, “काका, काकूंना त्या भागात एकटं पाठवता? सेफ नाहीये हो.” मी म्हटलं, “पोरा, आमच्या वस्तीलाही लोक ‘तो भाग’च म्हणायचे. तू तिकडं कधी चहा प्यायलास का?” मिलिंद मला नंतर ओरडला, बाबा, जरा नीट बोलत जा. मला नीट बोलता येत नाही. तिला यायचं.

पहिल्यांदा ती मला नाटकाला घेऊन गेली तेव्हा थंडी होती. मिलिंद गाडी चालवत होता. मला वाटलं होतं, गुपचूप बसायचं, शेवटी टाळ्या वाजवायच्या. तिथं तसं नव्हतं. रंगमंचावर एक आई पोराच्या शर्टाला इस्त्री करत होती. पोरगा रस्त्यावर गोळी लागून मेलेला, आणि ही रोज त्याचा शर्ट इस्त्री करून ठेवणारी. ती बोलायला लागली की खुर्च्यांतून माणसं तिला ओ द्यायची. सांग बाई, बोल बाई, आम्ही आहोत. माझ्या पुढच्या रांगेत बस चालवणारा एक धिप्पाड माणूस होता, तो हमसून रडत होता आणि त्याच्या बायकोला त्याची काही लाज वाटत नव्हती. मला आमच्या वस्तीतला जलसा आठवला. तिथंही गाणाऱ्याला लोक मधेच साद द्यायचे. पण आमच्याकडं तो जागं करायला असायचा. हे लोक जागेच होते. हे रडायला जमले होते, आणि तेही एकत्र.

नाटक संपल्यावर कुणी उठलं नाही. दिवे लागले. मिस लोरेटानं मातीची एक मोठी कुंडी पुढं आणून ठेवली, तिच्यात एक झाड, शेजारी पाण्याचा तांब्या. ज्याला वाटेल त्यानं उठायचं, आपल्या मेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि झाडाला पाणी घालायचं. मग सगळं नाटकघर ते नाव परत घेतं. बसवाल्यानं भावाचं नाव घेतलं. एका म्हातारीनं पाच नावं घेतली, दम लागेपर्यंत. मी मिलिंदला विचारत होतो, हे काय चाललंय, आणि तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. आमची बाई पदर सावरत पुढं गेली, तांब्या घेतला आणि म्हणाली, “छबी.”

आता हे सांगायला पाहिजे. छबी आमची पहिली मुलगी. चार वर्षांची होऊन तापानं गेली. तेव्हा मिलिंद पोटात होता. ही तिचं नाव घेऊन घेऊन रडायची, जेवायची नाही, आणि मला भीती वाटली की पोटातलंही जाईल. मी एक दिवस तिचे झबले-फ्रॉक सगळे उचलून वाटून टाकले आणि सांगितलं, आजपासून या घरात तिचं नाव कुणी घ्यायचं नाही. तिनं ऐकलं. मिलिंदला एवढंच माहीत होतं की त्याच्याआधी एक मूल झालं होतं. तेहेतीस वर्षं ते नाव मी ऐकलं नव्हतं. आणि इथं परक्या मुलखात अनोळखी माणसं एका सुरात म्हणाली... छबी.

मी उठलो आणि बाहेर गेलो. बर्फात गाडीपाशी उभा राहिलो. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. माझा हुकूम मोडला म्हणून आला होता. ती आली, गाडीत बसली. मिलिंदनं गाडी काढली. बरंच अंतर गेल्यावर ती समोर बघत म्हणाली, “मी रोज घेते तिचं नाव. मनात घेते. आज तोंडानं घेतलं.” मी उत्तर दिलं नाही. पुढं दोन वर्षांतही दिलं नाही.

ती जात राहिली. दर नाटकाला जायची. मीही जायला लागलो, पण नावं घ्यायची वेळ झाली की उठून तळघरात जायचो. तिथं बायका नाटकानंतरच्या जेवणाची मांडामांड करत असत. तळलेली कोंबडी, घेवड्याची उसळ, रताळ्याची गोड पोळी. मी खुर्च्या लावायचो. वरून आवाज यायचा, नाव एकाचं, मग सगळ्यांचं, पण शब्द कळायचे नाहीत, आणि मला ते बरंच वाटायचं. सुया ओवायला मी तेव्हापासूनच लागलो. माफी मागता येत नव्हती, दोरा ओवता येत होता. तिला ते कळत असावं. एकदाच म्हणाली, एखाद्या वेळी वर थांबा. मी म्हटलं, बघू.

ती गेल्यावर आपल्या लोकांनी घरी वंदना घेतली, पुण्यानुमोदन झालं, सगळं रीतीप्रमाणे झालं. लोक चांगलं बोलले. मी पाटासारखा बसून होतो. तिसऱ्या आठवड्यात मिस लोरेटाचा मिलिंदला फोन आला. तुझ्या आईनं शिवलेले घागरे घालून नाटक होतंय, रविवारी दुपारी, बाबांना घेऊन ये. मी नाही म्हणालो. मिलिंद म्हणाला, “बाबा, आईनं तुम्हाला कधी कशाला बळजबरी केली? मी करतोय.” तो आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी असा बोलला. मी कोट घातला.

नाटकात मला काही दिसलं नाही, फक्त घागऱ्यांच्या पट्ट्या दिसल्या. मग कुंडी आली. मी खाली गेलो नाही. मिस लोरेटानं माझ्याकडं बघितलं, पण बोलावलं नाही. मी आपणहून उठलो, तांब्या घेतला आणि म्हणालो, “मिलिंदची आई.” मिलिंदनं ते इंग्रजीत सांगितलं. कुणी ते परत घेतलं नाही. मिस लोरेटा माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, ते झालं नातं, तिचं नाव काय? एवढं इंग्रजी मलाही कळलं.

आता आमच्या वेळी बायकोला नावानं कोण हाक मारायचं? अगं, ऐकलं का, मिलिंदची आई... एवढ्यात संसार झाला. चाळीस वर्षांत ते नाव मी तोंडानं घेतलं नव्हतं. रेशनकार्डावर मास्तरांनी लिहिलं, पासपोर्टावर मिलिंदनं. मिलिंदनं विचारलं, बाबा, मी सांगू का? मी म्हटलं, नको. ती तुझी आई, पण नाव माझ्या तोंडून जाऊ दे. मी पाणी घातलं आणि म्हणालो, “पंचफुला.”

त्या लोकांना ते म्हणता येईना. कुणी पंच म्हणालं, कुणी नुसतं फुला. मिस लोरेटानं हात वर केला आणि मला परत घ्यायला लावलं. तीन वेळा घेतलं मी. तिसऱ्या वेळी सगळ्यांना जमलं. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. खाली ठेवायचा तो ठेवला नाही. म्हणालो, “छबी.”

आणि ते एका फटक्यात आलं. कुणी अडखळलं नाही, कुणी माझ्याकडं बघून ओठ हलवले नाहीत. बसवाला म्हणाला, म्हातारी म्हणाली, तळघरातून वर आलेल्या बायका म्हणाल्या. चांगलं घोटलेलं नाव होतं त्यांच्या तोंडात. मला वाटायचं, ती गेल्यावर हे नाव घेणारं कुणीच उरलं नाही. आणि मी खाली खुर्च्या लावत होतो तेव्हा ही सगळी माणसं दोन वर्षं माझ्या मुलीला हाक मारत होती. मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. बसवाल्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. गिरणीतल्या माणसासारखा जड हात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलिंदला कामठीला फोन लावून द्यायला सांगितलं. तिकडं संध्याकाळ होती. तिची धाकटी बहीण शांता फोनवर आली, तिला वाटलं काही वाईट घडलं. मी म्हटलं, सगळे बरे आहेत. मला एक विचारायचंय. छबी तीन-चार वर्षांची असताना तू आमच्याकडं राहायला होतीस, मी पाळीवर असायचो. ती दिवसभर काय बोलायची? मला तिचा आवाजच आठवत नाही.

शांता म्हणाली, “भाऊजी, गिरणीचा भोंगा झाला की ती उंबऱ्यावर जाऊन बसायची. म्हणायची, बा निघाला. तुमची पाळी असो नसो.”

मिलिंद दारात उभा होता. मी त्याला खूण केली, जवळ बस. फोन दोघांच्या कानांच्या मधे धरला आणि शांताला म्हटलं, आता मोठ्यानं सांग.