वेशीबाहेरची घरं

आमच्या बारामतीतल्या कॉलनीत दिवाळीला किल्ले स्पर्धा असते. तिचा फ्लेक्स दसऱ्यालाच लागतो आणि त्यावर किल्ल्यांपेक्षा चेहरे जास्त असतात. यंदा त्यात एक ओळ वाढली होती: 'वयाची अट नाही.' लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कॉलेजची मुलं असावीत. मी पन्नाशी ओलांडलेली, इंदापूरच्या सरकारी कचेरीत नोकरीला, रोज एसटीने जाऊन-येऊन करणारी बाई. नियम लिहिला असेल तसाच वाचायचा, ही सवय कचेरीने लावलेली. मी नाव दिलं.

"माती कुठून आणणार मॅडम?" कॉलनीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"मातीचा नाही. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा."

"म्हणजे लहान मुलं जोडतात ते?"

"तेच."

ते हसले. अध्यक्ष चांगलं हसतात. फ्लेक्सवर त्यांचा तोच फोटो असतो.

हे ठोकळे माझ्या भाचीचे. ती शिकायला पुण्याला गेली आणि बादलीभर ठोकळे माझ्याकडे राहिले. सुरुवातीला मी खोक्यावरच्या चित्राबरहुकूम परदेशी किल्ला जोडला. राखाडी भिंती, उचलता पूल, चिलखतातली माणसं आणि एक ड्रॅगन. झाला, तसा मोडून टाकला. दुसऱ्याचा किल्ला, दुसऱ्याचं चित्र, आपण नुसते मजूर. शिवाय आमच्या मध्ययुगात ड्रॅगन नव्हते. त्यांचं काम माणसंच करायची.

मग ठरवलं, आपल्या मुलखातली गढी करायची, आणि तीही कुठलंही चित्र समोर न ठेवता. जेवणाच्या सुट्टीत इंदापुरातल्या जुन्या गढीच्या भिंतींपाशी जाऊन उभी राहायचे. खाली दगड, वर पांढरी माती, आणि बुरूज गोल. ठोकळे मात्र चौकोनी. त्या गोलाईने माझा जीव खाल्ला. शेवटी खोक्यातल्या दारांच्या बिजागऱ्या काढून भिंतीचे अरुंद तुकडे एकमेकांना जोडले आणि ते वळवत नेले. पहिला बुरूज दोनदा बसला. तिसऱ्यांदा उभा राहिला, तेव्हा मी चहा ठेवायचं विसरून त्याच्याभोवती फिरत होते. तटाच्या आत पाटलाचा चौसोपी वाडा, विहीर, तेलघाणा. समोर वेस आणि तिचं दोन फळ्यांचं दार. तपकिरी ठोकळे त्यातच संपले.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलावून दाखवलं. आबा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. लहानपणी आम्ही अंगणात किल्ला करायचो, तेव्हा शेजारचे विचारायचे, तुम्ही बौद्ध ना, मग तुम्हाला दिवाळी कशाला? आबा म्हणायचे, "पूजा न्हाय करत आमी. चिखल समद्यांचाच हाय."

आबांनी खुर्ची ओढली. वाड्याकडे बघितलं नाही, बुरुजाकडे नाही. वेशीचं दार बोटाने उघडलं, लावलं, परत उघडलं.

"दार झ्याक झालंय. ह्ये लावनारा ऱ्हातो कुठं?"

मी वाड्याकडे बोट केलं.

"वेसकी कुनाकडं हुती? आपल्याकडंच ना? मग आपलं घर दाव की मला."

"आबा, ते वेशीबाहेर येतं. खालच्या दोन्ही हिरव्या पाट्या वेशीपाशीच संपल्या."

"पाटी संपली म्हून गाव संपलं व्हय?"

आमचे खापरपणजोबा वेसकर होते. संध्याकाळी वेस लागली की गाव आत आणि राखणदार बाहेर. पुढे आजोबांनी धम्म स्वीकारला, आबांनी नोकरी केली, मी पदवी घेतली, आणि मनातलं पहिलं गाव उभं करताना ते बरोबर तिथं थांबवलं जिथं थांबवायची पद्धत आहे. पुस्तकांतले नकाशेही तिथंच थांबतात. मला लाज वाटली नाही, संताप आला. त्या संतापात मी आणखी एक पाटी मागवली आणि वेशीपुढे जोडली.

तपकिरी ठोकळे उरले नव्हते. निळे ढिगाने होते. घरं निळी झाली: बुटकी, एकमेकांना टेकलेली, प्रत्येकाला दार आणि दाराशी माणूस. घासून बसतील असे सांधे. खरं सांगायचं तर त्या गढीपेक्षा ती घरं जास्त चांगली जमली.

स्पर्धेच्या सकाळी मंडपात टेबलं मांडली होती. पाहुणे म्हणून कोणी साहेब यायचे होते, त्यामुळे अध्यक्ष कडक इस्त्रीत. त्यांनी माझ्या टेबलाला एक फेरी घातली.

"गढी एक नंबर. ह्ये पुढं काय?"

"वेशीबाहेरची घरं. गावाची राखण करणाऱ्यांची."

"निळीच का पण?"

"तेवढाच रंग उरला होता."

"लोक भलता अर्थ काढत्यात, ताई." मॅडमची ताई झाली, तेव्हाच मी ओळखलं की आता काहीतरी मागणं येणार. "सणासुदीचा वाद नको. हितं चार मावळे उभे करा, मी देतो. शोभून दिसंल."

"आणि घरं?"

"काढा की तेवढी. आन् हे बघा, टेबलाच्या बाहेर चाललंय सगळं. एका स्पर्धकाला एक टेबल, नियम हाय. मी न्हाय केला."

टेबल खरंच पुरत नव्हतं. पुढची पाटी वीतभर बाहेर लोंबत होती आणि निळी घरं अधांतरी होती. शेजारच्या टेबलावरच्या बाई हळूच म्हणाल्या, "काढून टाका हो, कशाला डोक्याला ताप? बक्षीस तुमचंच हाय." बाहेर गाड्यांची दारं वाजली. फटाक्यांची माळ लागली.

"साहेब आले," अध्यक्ष म्हणाले. "काढताय ना?"

"नियम आहे म्हटल्यावर काढायलाच हवं."

मी टेबलामागे गेले. मागची पाटी सांध्यापाशी धरून एक हिसडा दिला. पाटलाचा वाडा, विहीर, तेलघाणा आणि मागचे दोन बुरूज अखंड हातात आले. उरलेलं माझ्याकडे ओढलं. वेस, तिचं दार आणि सगळी निळी घरं आता टेबलावर नीट बसली. वीतभर जागाही उरली.

"अवो, वाडाच काढला तुमी!" अध्यक्षांचा आवाज चढला. "मग ह्यो किल्ला कसला?"

"धरा जरा," मी म्हटलं आणि वाडा त्यांच्या हातात दिला. माणूस सवयीने हात पुढे करतो, तसे त्यांनी केले.

साहेब मंडपात शिरले. मागे कॅमेरे, पुढे हार. अध्यक्षांना नमस्कार करायचा होता, पण दोन्ही हातांत पाटलाचा वाडा होता आणि एक बुरूज कलायला लागला होता.

"मॅडम," ते दातांत बोलले, "ह्ये कुठं ठेवू?"

"इथं जागा नाही ना," मी म्हणाले. "बाहेर ठेवा."