गोठ्यातली पेंढी

आमच्या गलिसियात, स्पेनच्या या कोपऱ्यात, मोरिन्या हे आधी गुरांचं दुखणं. जनावर चारा सोडतं, रवंथ करत नाही, खंगत जातं. शाळेतले मास्तर म्हणायचे, शब्द मरणावरूनच आलाय. पुढे माणसं बोटीत बसून परदेशी गेली, तिकडे अन्नावरची वासना उडून घराकडे तोंड करून बसू लागली, तेव्हा तो माणसांनाही लागला. माझा नवरा अबिलियो नदीपलीकडचा, पोर्तुगीज. त्यांच्याकडे मोरिन्या म्हणजे गुरांची खरूज, नाहीतर भुरभुर पाऊस. मी त्याला म्हणते, एवढा चांगला शब्द तुम्ही भिजवून ठेवलात.

शेजारीण ओब्दुलिया माणसांच्या मोरिन्याला हसायची. हाताला काम नसलं की होते, म्हणायची. तिचा नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा अमारो ऐन विशीत स्वित्झर्लंडला, बाझेलला बांधकामावर गेला, आणि ही मारेला नावाच्या गाईशी भांडत राहिली. गाय विकली की तिच्या गोठ्यात अंथरलेल्या गवताची पेंढी घेणाऱ्याला द्यायची, ही आमची रीत. नव्या जागी ओळखीचा वास आला की गाय चाऱ्याला तोंड लावते.

ओब्दुलियाचे गुडघे गेले तेव्हा अमारो तिला घेऊन गेला. मारेला विकली, सोबत पेंढी दिली. महिनाभरात माझ्या दुकानात अमारोचा फोन. आई जेवत नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही, मावशी, काय करू?

मला दुसरं काय येतंय? गोठा अजून झाडलेला नव्हता. शेणाच्या वासासकट पेंढी बांधली आणि कामगारांच्या बसने धाडून दिली. अबिलियो म्हणाला, "ती काय गाय आहे?" त्याला म्हटलं, तू गप्प बस.

ओब्दुलिया जेवायला लागली. पेंढी उशाशी, आणि सून नाक धरून घरात फिरतेय. तरी तिला परत यायचंच होतं. ईस्टरला येते म्हणाली. मी तिचं घर उघडलं, रोज चूल पेटवून भिंतींची ओल घालवली.

ईस्टरच्या तोंडावर तिचा फोन आला, दबक्या आवाजात.

"दोसिंदा, मी येत नाही गं."

"आता काय झालं?"

"मी डोळे मिटून पडले की अमारो येतो. पेंढीत तोंड खुपसून रडतो. चाळिशीचा बाप्या! इतकी वर्षं दुखणं अंगावर काढतोय, आणि मी गावभर सांगत होते, पोरगा सुखात आहे. त्याला असा टाकून कशी येऊ?"

मी पुष्कळ बोलले. दोघंही या म्हटलं. पण अमारोची पोरं तिकडचीच झालेली, त्यांना आमची भाषासुद्धा धड येत नाही. पुढच्या हिवाळ्यात ओब्दुलिया गेली. तिला तिथेच पुरलं. मी तिच्या घराला कुलूप घातलं आणि दोन दिवस माझ्याही घशाखाली घास उतरला नाही.

गेल्या वर्षी अमारोचा पुन्हा फोन. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, यंदा चेस्टनट कसे आलेत विचारलं. मग हळूच म्हणाला, "मावशी, पेंढीचा वास गेला गं. दुसरी पाठवशील?"

पाठवते म्हणाले. लेकराला नाही कसं म्हणायचं? त्यांच्या गोठ्यात गेले. छप्पर खाली बसलेलं, आत पावसाचं पाणी. कोपऱ्यातलं गवत उचलून नाकाशी धरलं. कशाचाच वास नव्हता. गावात आता एकाच्याही दावणीला गाय नाही. अमारोला अजून कळवलेलं नाही.