आईला नागपूर कुणी दाखवलं?

भूतखेत, अंगात येणं, बाहेरची बाधा... यावर माझा कधीच विश्वास नव्हता आणि आजही नाही. लहानपणी संत्र्याच्या बागेतून अंधार पडल्यावर मसणवट्याच्या अंगानं आम्ही घरी आलो आहोत, कधी काही दिसलं नाही. आता जे लिहिते आहे, तेही मला स्वतःला दिसलेलं नाही. सून एका मासिकातले असे अनुभव मोठ्यानं वाचते, तेव्हा मी काही निमित्त काढून आत जाते. मी फक्त चौथी शिकलेली आहे, लिहायची सवय नाही. पण एकदा लिहून काढते. पाठवीन की नाही, ते माहीत नाही.

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. आम्ही नागपूरला इमामवाड्यात एका खोलीत राहत होतो. नवरा मिलमध्ये पहिल्या पाळीला जायचा. माझं माहेर काटोलकडचं. आई जन्मभर दुसऱ्यांच्या बागेत संत्री तोडायला गेली. तो सगळा माल नागपूरला यायचा. ती म्हणायची, "माह्या हातच्या संत्र्यायनं नागपूर पाहिलं, फक्त म्याच नाही पाहिलं."

त्या थंडीत बहार संपल्यावर ती पहिल्यांदा आमच्याकडे आली. दोन दिवस राहिली आणि मग म्हणाली, "शांते, मले ते सोळावीची शाळा दाखव." तिच्या भाषेत सोळावीची शाळा म्हणजे युनिव्हर्सिटी. मी म्हटलं, तिथं काय पाहायचं आहे? तर म्हणाली, "पायचं आहे. तुले काय करायचं?"

नवऱ्याला सुट्टी नव्हती. आमचं आम्हीच पायी जायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी तो दाढी करता करता वाट सांगत होता आणि मी कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं पेन्सिलीनं उतरवत होते. मला रस्त्यात कोणाला काही विचारायची फार लाज वाटायची, हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "नाकासमोर चालायचं. कोणाले विचारायचं कामच नाही." मधेच दूध उतू गेलं. मी उठले, परत आले, राहिलेलं लिहिलं आणि कागद पोलक्यात ठेवला.

सकाळी निघालो. मी हिरवं पातळ नेसले होते, पिवळ्या काठाचं, डोक्यावर पदर. आई गुडघ्यापर्यंत लुगडं, अनवाणी, कमरेला संत्र्यांची पिशवी. बर्डीच्या बाजारापर्यंत ती सारखी बोलत होती. आणि तिचा आवाज म्हणजे या बांधावरून त्या बांधावर ऐकू जाणारा. "अवं शांते, हा माणूस पाह्य कसा बाईसारखा नटला!" लोक वळून पाहायचे. मी आपली खाली मान घालून चालत होते.

झिरो माईलचा तो खांब आहे ना, दगडी घोड्यांचा, तिथं आम्ही आधी पोचलो.

"हे कोणाचे देव वं?"

"देव नाही आई. मैलाचा दगड आहे."

"मैलाच्या दगडाले एवढे घोडे? आमच्या गावच्या दगडावर तं कुत्रं मुतते!"

आणि मी काही म्हणायच्या आत तिनं पिशवीतून एक संत्रं काढून घोड्याच्या पायाशी ठेवलं आणि जमिनीला डोकं टेकवलं.

तिथं तीन कॉलेजच्या पोरी सायकली धरून उभ्या होत्या. त्या हसल्या. तोंडावर वही धरून हसल्या. त्यातली एक चांगली होती बिचारी, तिनं मला नीट विचारलं, "बाई, ह्या तुमच्यासोबत आहेत का?"

मी म्हटलं, "नाही. मी नाही ओळखत."

आई चार पावलांवर होती, माझ्याकडं पाठ करून. तिनं ऐकलं की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मग मी चालायला लागले. आधी वाटलं, पोरी गेल्या की परत येऊ. रस्ता ओलांडून एका झाडाआड उभी राहिले. पोरी गेल्या. आई उठून इकडं तिकडं पाहत होती. पण आता कोणत्या तोंडानं जाऊ, असं झालं. जेवढा वेळ गेला तेवढं जास्त अवघड झालं... आणि मी पाठ फिरवून घरी निघून आले.  हो, मी तेच केलं.

घरी येऊन तशीच बसले. चूल पेटवली नाही. बारा वाजता जीव राहिना म्हणून धावत परत गेले. संत्रं तिथंच होतं. आई नव्हती. कोपऱ्यावर पोलीस उभा होता. त्याला विचारायला गेले आणि तशीच मागं फिरले. काय सांगणार होते? आई हरवली? तासा-दीड तासापूर्वी त्याच जागी मी म्हटलं होतं, मी ओळखत नाही. तिला अक्षर वाचता येत नाही, आमच्या गल्लीचं नाव सांगता येत नाही. मी थोडी इकडं तिकडं फिरले आणि घरी येऊन दार लोटून बसले.

चार वाजून गेल्यावर बाहेर नळावर आवाज आला. आई पाय धूत होती.

आत आली आणि भिंतीला टेकून बसली. "पाय गेले वं माहे! एवढं पटपट चालते का कोणी? अन् घरात शिरून बसली, मायसाठी थांबली बी नाही."

मला वाटलं, टोमणा मारते आहे. मी रडायला लागले. ती म्हणाली, "काहून रडून राहिली? पाय दुखतात का तुहे बी? ये, दाबून देतो."

तेवढ्यात नवरा आला. त्याच्यापुढं तर तिच्या तोंडाला धरबंधच राहिला नाही.

"जवाईबापू, तुमच्या बायकोनं अख्खं नागपूर दाखवलं मले! पहिले जित्ता वाघ पाहिला, मंग मेलेला."

जिवंत वाघ महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयातला आणि पेंढा भरलेला अजब बंगल्यातला, म्हणजे म्युझियममधला. नवरा हसला. "मामी, उलटं सांगून राहिल्या तुम्ही. अजब बंगला पहिले लागते."

"मी काय लहान लेकरू आहे का? पहिले जित्ता. बागेतून भायेर आलो तं कोणी म्हणे, हेच युनिव्हर्सिटी, दोन पावलांवर. पण हे पुढं होती ना! हे फिरली तिकडं बंगल्याकडं. मंग पुन्हा तेवढीच वाट मांगं, तवा सोळावीची शाळा. तंगड्या तुटल्या."

"घ्या! लिहून घेतलं तरी!" नवरा माझ्याकडं पाहून म्हणाला.

मी पोलक्यातून कागद काढला. तोपर्यंत मी तो पुन्हा पाहिलाच नव्हता. त्यावर माझ्याच अक्षरात होतं — घोडे, महाराजबाग, अजब बंगला, युनिव्हर्सिटी. दुधाच्या गडबडीत मी उलटं लिहिलं होतं. तो कागद दिवसभर माझ्या अंगाशी होता. दुसऱ्या कोणी तो वाचला नव्हता. आणि आईला वाचता येत नव्हतं.

ती कोणाच्या मागं चालली, हे मी हळूहळू विचारून घेतलं. हिरवं पातळ, पिवळा काठ, डोक्यावर पदर. घोड्यांपाशी आईनं मला शोधलं, तर मी रस्त्यापलीकडं चालताना दिसले आणि ती मागं निघाली. बोलली का नाही? चेहरा पाहिला का नाही? तर ती म्हणाली, त्यात काय पाहायचं. आमच्याकडं बागेत जाताना बाया बांधावरून एकामागं एक चालतात. डोक्यावर टोपलं असतं, पुढची बाई मागं वळून पाहत नाही आणि मागची तिला हटकत नाही. पुढचीचा पदर पाहायचा आणि चालायचं. आई जन्मभर तशीच चालली होती. तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

नवरा पान खायला बाहेर गेला, तेव्हा ती जवळ सरकली. इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"तिथं शाळेपुढं म्या म्हटलं, त्याचा राग नाही ना आला?"

"काय म्हटलं होतं?"

"पुन्हा वदवते का माह्या तोंडून?" मग म्हणाली, "मास्तर घरी आला होता, पोरगी हुशार आहे म्हणे, काढू नका. तरी बी म्या चौथीतून काढलं तुले अन् बागेत नेलं. तेच म्हटलं मी तिथं. माफ कर म्हटलं. तू मांगं नाही पाहिलं, पण मान हालवली. मले बरं वाटलं वं शांते. लय दिवसांचं होतं."

त्यासाठी ती नागपूरला आली होती.

 काय सांगू? ती मी नव्हते, असं सांगितलं तर तिनं मागितलेली माफी कुठं जाईल? आणि मी घोड्यांपाशी काय बोलले, तेही सांगावं लागलं असतं. त्या दिवशी धीर झाला नाही. पुढं एकदा गावी गेले असताना सुरुवात केली होती, "आई, त्या दिवशी युनिव्हर्सिटीपाशी मी..." तर तिनं लगेच हात धरला. "चूप. देल्ली ना माफी? आता पुन्हा काढू नको."

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत गावभर सांगत राहिली, माह्या पोरीनं मले पायी नागपूर दाखवलं. तेराव्याला बाया माझ्या पाठीवरून हात फिरवून तेच बोलत होत्या आणि मी मान खाली घालून ऐकून घेत होते.

कोणी तसंच पातळ नेसलेली दुसरी बाई असेल, असं मी स्वतःला खूपदा सांगून पाहिलं. पण ती माझ्या चुकीच्या वाटेनं का चालली? आमच्या गल्लीपर्यंत कशी आली?  

पण मला जास्त त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. शाळा सुटल्याचा राग मी तेव्हाही मनात धरून होते. आईला कधी बोलून दाखवला नाही, पण सोडलाही नव्हता. त्या बाईनं मान हलवली. मी तिच्या जागी असते, तर हलवली असती का... हे मला खरंच सांगता येत नाही.