लॅमिनेशन केलेली चिठ्ठी

भिंगारच्या बाजारात आमचं औषधांचं दुकान आहे. सकाळी मी बसते, चारनंतर नवरा. यात एक गंमत आहे. ‘ती’ गोळी हवी असलेला पुरुष चुकून सकाळी आला आणि काउंटरवर मी दिसले, की त्याला एकदम खोकला येतो. चांगला धडधाकट माणूस खोकल्याच्या गोळ्या घेऊन जातो आणि संध्याकाळी परत येतो. मला हसूही येतं आणि रागही. अहो, फार्मसी मी शिकलेय, नवऱ्याला तर अजून अर्ध्या औषधांची नावं वाचता येत नाहीत!

गेल्या वर्षी एका आठवड्यात माझे गणिताचे सर तीनदा खोकल्याच्या गोळ्या घेऊन गेले. खोकले मात्र एकदाही नाहीत. याच सरांनी मला एकोणतीसच्या पाढ्यासाठी बाकावर उभं केलं होतं. आता ते रिटायर झालेत, सत्तरीला टेकलेत. हृदयाच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याकडूनच नेतात. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी लॅमिनेशन करून घेतली होती. आमच्याकडे बरेच जण करतात; भिजायला नको, फाटायला नको. त्यांनी ती दाखवायची, मी गोळ्या काढून द्यायच्या. तारीख कोण बघतंय?

चौथ्यांदा आले तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. सर कॅलेंडरकडे बघत म्हणाले, “अगं, माझ्या एका मित्राला जरा अडचण आहे. संसारातली. त्यावर गोळी असते म्हणे.”

“असते की. पण मित्राला हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का?”

“आहेत. त्याचं काय?”

सरांच्या त्या चिठ्ठीत छातीत दुखू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ नायट्रेटची गोळी होती. तिच्यावर ही घेतली तर ब्लडप्रेशर इतकं खाली जातं की माणूस जागेवर कोसळतो, कधी उठतही नाही. मी सरळ सांगून टाकलं, “मित्राला म्हणावं, या गोळीला हातसुद्धा लावायचा नाही. आधी डॉक्टर.”

सरांचे कान लाल झाले. “तू मला शिकवणार? नको देऊस. सकाळी फिरायला येणाऱ्या एकानं एक दिलीय मला, तीच घेईन!” आणि तरातरा निघून गेले. मित्राला विसरलेच.

मी शटर ओढलं आणि स्कूटर काढली. सर वाटेत कुठं दिसेनात, म्हणून थेट त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, दारापुढच्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. काकू जामखेडकडच्या, मनात आलं की तोंडात. मी त्यांच्याजवळ बसले आणि भीतभीतच सगळं सांगितलं. मला वाटलं, लाजतील नाहीतर चिडतील.

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “दोन वर्सं झाली पोरी, हे भिताडाकडं तोंड करून झोपत्यात. मला वाटलं, मीच नकोशी झाले.” आणि डोळ्याला पदर लावला. मलाही रडू आवरेना.

तेवढ्यात सर फाटकातून आत आले. काकूंनी हात पुढं केला. “काढा ती गोळी.” एवढा कडक माणूस, पण मुकाट्यानं खिशात हात घातला. काकूंनी गोळी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “मला इचारायचं तरी हुतं. मला काय गोळी पायजे हुती व्हय?”

दोघांना सावेडीतल्या हार्टच्या डॉक्टरांकडे मीच पाठवलं. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि कपाळाला हात लावला. सात वर्षांपूर्वीची! ही गोळी अजून का चालू आहे, असं त्यांनी विचारलं म्हणे. उत्तर माझ्याकडे होतं. सात वर्षं मी डोळे झाकून देत आले होते. लोकांवर ओरडणारी मी, त्या दिवशी स्वतःवर इतकी चिडले की जेवलेच नाही.

तपासण्या झाल्या. शुगर वाढलेली निघाली. या तक्रारीमागं तीही असते. हृदय मात्र आता ठीक होतं. नायट्रेट डॉक्टरांनी स्वतःच्या देखरेखीखाली बंद केली, शुगर आटोक्यात आणली आणि काही महिन्यांनी ‘ती’ गोळी लिहून दिली, अगदी कमी ताकदीची.

सर मुद्दाम सकाळी आले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. नवी चिठ्ठी काउंटरवर ठेवून खणखणीत आवाजात म्हणाले, “ही दे.” चारही जण औषधांच्या कपाटाकडे बघायला लागले.

मी हात मागं बांधले. “आधी पाठ म्हणून दाखवा.”

सर हसले आणि सरळ उभे राहिले. “तासभर आधी घ्यायची. पोटभर मटण खाऊन नाही, मग ती उशिरा लागू पडते. दिवसात एकच. आपल्याला इच्छा नसेल तर गोळी एकटी काही करत नाही. छातीत दुखलं तर जिभेखाली काही धरायचं नाही, दवाखाना गाठायचा आणि ही घेतलीय हे आधी सांगायचं. आणि आपली गोळी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.”

“पैकीच्या पैकी,” मी म्हटलं. मग त्यांनी पिशवीतून ती जुनी चिठ्ठी काढली. फाडायला गेले तर फाटेना. मी कात्री दिली आणि आम्ही दोघांनी तिचे तुकडे केले. त्या दिवसापासून सहा महिन्यांपेक्षा जुनी चिठ्ठी मी कुणाचीच चालवत नाही, भांडणं झाली तरी.

पुढच्या महिन्यात काकू एकट्याच आल्या, शुगरच्या गोळ्या न्यायला. मी हळूच विचारलं, “त्या पण देऊ का?”

“न्हाई, हायेत अजून. दोनच लागल्या,” काकू म्हणाल्या. मग पिशवी उचलता उचलता लाजून हसल्या. “पन आता हे माझ्याकडं तोंड करून झोपत्यात. रोज.”