बरकत कुणाची?

‘बरकत’ हा शब्द माझा नव्हता. बारा वर्षे तो माझ्या नावावर चालला आणि मी चालू दिला. ज्यांचा तो होता ते किसनकाका दीड महिन्यापूर्वी पूर्णा गावी वारले. सकाळी कॉलेजला निघत असताना त्यांच्या मुलीचा फोन आला. “सर, बाबा गेले,” एवढेच ती बोलू शकली. पायांतले बूट तसेच ठेवून मी खुर्चीत बसून राहिलो. मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता, हे लिहिताना लाज वाटते. आता ही गोष्ट जाणणारा माझ्याशिवाय कोणी उरला नाही, असा तो विचार होता… आणि त्यात क्षणभर सुटका होती.

काका रेल्वेत गँगमन होते. रुळांवरून पायी चालत सांधे आणि रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या तपासण्यात त्यांची सारी नोकरी गेली. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारल्यावर, ऐन तिशीत, पहिल्यांदा पाटी हातात घेतली होती. हे काका फार अभिमानाने सांगत. मी पिंगळीच्या बागायतदार घरातला, परभणीत अर्थशास्त्र शिकवणारा. दर रविवारी दुपारी पॅसेंजरने पूर्णेला जायचे आणि काकांच्या पुढच्या खोलीत आमचे अभ्यास मंडळ भरायचे. रहीमभाई शिंपी, एसटीतले एक वाहक, दोन शिक्षक आणि आम्ही दोघे. काकू दाराच्या चौकटीशी बसून धान्य निवडत आणि सारे ऐकत. काकांचा नियम एकच होता : चहा पाळीपाळीने करायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक रविवारच्या चौकटीत ते पेन्सिलीने नाव लिहीत. समतेची भाषणे करणाऱ्यांना स्टोव्ह पेटवता आला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. माझी पाळी मात्र बहुधा हुकायची.

एकदा उद्याच्या समाजावर वाद रंगला होता. उत्पादनाची साधने सामाजिक मालकीची झाली की कष्टांची विभागणी कशी होईल, यावर मी बराच वेळ बोललो. काका शांतपणे म्हणाले, “रूळ ऱ्हातील का न्हाई तुमच्या समाजवादात? मंग उन्हाळ्यात भर दुपारी ते बघायला कुनी तरी जावंच लागंल. रूळ दुपारीच फुगतो. कोन जानार, तेवढं सांगा.”

“सगळे पाळीने जातील. मीसुद्धा,” मी म्हणालो.

“सरांची पाळी आली की कुठं तरी चर्चासत्र निघंल बगा!”

सगळी खोली हसली. मीही हसलो, पण ते वाक्य माझ्याबरोबर परतीच्या गाडीत आले.

शब्दाची गोष्ट एका लग्नसराईतल्या रविवारची. बाकीचे कोणी आले नव्हते; काकूही लग्नाला गेल्या होत्या. मी काकांना ‘वरकड मूल्य’ समजावून देत होतो : मजुरी चुकती केल्यावर कामगाराच्या श्रमातून जे अधिक उरते आणि मालकाकडे जाते, ते. काकांनी मध्येच हात वर केला. “सर, वरकड म्हंजे किरकोळ. वरकड खर्च म्हनतो न्हाई का आपन? मानसाच्या घामाला किरकोळ म्हनायलाव व्हय?” मग तेच पुढे म्हणाले, “मालक काय म्हनतो? बरकत आली. जशी काय आभाळातून पडली. आपन एवढंच इचारायचं, ही बरकत केली कुनी?”

वीस वर्षे मी ते प्रकरण शिकवत होतो. त्या शब्दाकडे मी कधी असे पाहिले नव्हते. परतताना तिकिटाच्या पाठीवर मी ते वाक्य उतरवून घेतले.

वर्षभरात माझी पुस्तिका निघाली. पहिल्याच प्रकरणाचे नाव होते ‘बरकत कुणाची?’ तिचे कौतुक झाले, आमंत्रणे आली. ऋणनिर्देशात अनेक प्राध्यापकांची नावे होती, काकांचे नव्हते. मंडळात रहीमभाईंनी ते प्रकरण मोठ्याने वाचले आणि म्हणाले, “क्या लफ्ज काढलाव सर!” त्या दिवशी चहाची पाळी काकांची होती. ओतता ओतता त्यांचा हात किंचित थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. “व्हय, लफ्ज चांगला हाय,” म्हणाले आणि पुढचा कप भरू लागले. एक वाक्य बोलायचे होते मला… मी कपाकडे पाहत राहिलो. शब्दांवर कसली आली खासगी मालकी, असा युक्तिवाद मी नंतर स्वतःशी केला. तो डावा होता आणि माझ्या फार सोयीचा होता.

शेवटची भेट काका जाण्याच्या दोन दिवस आधीची. सांगायचेच असे ठरवून गेलो होतो. काका खाटेवर पडून होते; आवाज खोल गेला होता. “फुडच्या आयतवारी पाळी कुनाची?” त्यांनी विचारले.

“माझी.”

“आन चर्चासत्र कुठं हाय मंग?”

आम्ही दोघे हसलो. त्या हसण्याच्या आडोशाने मी बाहेर पडलो.

काकांसाठी पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्यानंतरच्या रविवारी मंडळ पुन्हा बसले. कॅलेंडर जागेवर होते. वर्षभराच्या पाळ्या काकांनी आधीच लिहून ठेवल्या होत्या आणि त्या दिवसाच्या चौकटीत ‘सर’ असे लिहिलेले होते. मी आत गेलो, स्टोव्ह पेटवला आणि सर्वांना कप दिले. काकूंनी घोट घेतला. “साखर इसरलाव का, सर?”

हातातला ट्रे मी खाली ठेवला. “काकू, त्याहून मोठी गोष्ट विसरल्याचे सोंग केले मी,” मी म्हणालो. “‘बरकत’ हा शब्द काकांचा होता. तो प्रश्नही त्यांचाच. मी तो माझा म्हणून छापला आणि याच खोलीत, त्यांच्यासमोर, गप्प बसलो. काका, मला माफ करा… काकू, तुम्हीही.”