मामीचा डब्यावरचा लिलाव

मामीला वेड लागलंय, ही बातमी टाळेबंदीच्या दुसऱ्या महिन्यात आमच्या गल्लीत फिरत होती. म्हणे सकाळी स्वयंपाकघराचं दार लावून घेते आणि पिठाच्या डब्यावर ओरडते, "बोला, बोला, कोण वाढवतंय?" खालच्या काकू मास्कमधून मला कुजबुजल्या, "जप गं तिला. सुऱ्या-बिऱ्या वर ठेव."

साफ खोटं. मामी पूर्ण शुद्धीवर होती. डब्यावर फोन होता, आणि फोनमध्ये गिऱ्हाईक.

बावीस वर्षं ती धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारते. उलट्या क्रेटवर उभी राहायची, समोर दीडशे माणसं, आणि हिची नजर प्रत्येकाच्या अंगावर. कोल्ड स्टोरेजवाले काका भाव वाढवायच्या आधी डावा कान खाजवायचे. ते खाजवेपर्यंत ही 'दोन वार'वरच रेंगाळायची. मग साथ आली, धक्क्यावर पाचाच्या वर माणसं नकोत असा हुकूम निघाला, आणि लिलाव डब्यावर आला. आता फोनला कुठले आलेत कान खाजवायला!

पहिल्याच दिवशी तिने "तीन वार!" म्हटलं आणि सगळा माल ट्रकवाल्याला मातीमोल गेला. बाजारातली आजी तेव्हा घसा फोडून भाव वाढवत होती, पण म्यूटवर. पुढे हॉटेलं बंद, परदेशी जाणारे कंटेनर बंद. एकेक बोट किनाऱ्याला लागली ती लागलीच. उरली एकच, मामाच्या धाकट्या भावाची. त्याला सगळे कप्तान म्हणतात.

त्या सकाळी कप्तानाने धक्क्यावरून फोन लावला. "वहिनी, अठ्ठावीस क्रेट कोळंबी आहे. बर्फ संपत आलाय. आजही ट्रकवाल्यालाच घालायची असेल, तर उद्यापासून बोट बांधून टाकतो."

"बांधून काय करशील?"

"झोपेन. आणि तू पुकार मग भांड्यांचा लिलाव."

मामी हसली नाही. तिने सगळ्यांना फोनवर घेतलं. ट्रकवाल्याने नाकातून भाव सांगितला, "एवढाच. नि उपकार समजा." (मी तोच सूर लगेच गालात घोळवून बघितला. मस्त जमला.)

"मला दोन क्रेट बास, बाई," आजी म्हणाली. "हल्ली सायकलवरून विकते."

"एक वार," मामी म्हणाली.

कोल्ड स्टोरेजवाले काका रोज फोनवर यायचे, चाळीस दिवसांत चकार शब्द बोलले नव्हते. आज त्यांच्या बाजूने नुसती घर्रर्र.

"दोन वार..." आणि मामी थांबली.

थांबली ती थांबलीच. हातोड्याऐवजी घेतलेला झारा हवेतच राहिला. ट्रकवाला खेकसला, "वहिनी, तिसरं वार काय पुढच्या जन्मी?" पाठोपाठ कप्तान, "वहिनी, पाणी गळायला लागलंय क्रेटमधून. देऊन टाक."

मी खुर्चीवरची उशी फोनवर दाबली. "मामी, कोणाची वाट बघतेस? काका फोन चालू ठेवून झोपलेत!"

"काका घेणार."

"पैज?"

"पैज. हरलीस तर आठवडाभर कोणाची नक्कल नाही. मी हरले तर तुझ्या वाटची भांडी माझ्याकडे."

उशी काढली.  भिंतीवरचं घड्याळ तेवढं बडबडत होतं. मामीच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला, तिने पुसलासुद्धा नाही.  भांडी मीच घासते, पण बोल रे बाबा कोणीतरी!

फोनमध्ये काकांनी घसा खाकरला. "आजीचे दोन सोडून सगळी. ट्रकच्या दीडपट."

"तीन वार!" मामी अशी ओरडली की खालच्या काकूंनी नक्कीच सुऱ्या मोजल्या असतील.

"सगळी?" कप्तानाचा आवाज चिरकला.

"सगळी. उद्या पहाटे निघ."

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"घरघर ऐकलीस ना?"

"ती तर लाइन खराब होती!"

"लाइन कसली? मशीनं आहेत ती त्यांची. चाळीस दिवस बंद होती. रिकाम्या खोल्या कोणी गार करतं का?"

मी, जिला गल्लीतल्या प्रत्येकाची खोकण्याची तऱ्हा पाठ आहे! तोंड उघडणार, तेवढ्यात फोनमधून ट्रकवाला पुटपुटायला लागला, नाकातून, दात चावत, इतकं सुरेख पुटपुटत होता, आणि मामी माझ्याकडे झारा रोखून बघत होती.