डेकवरचा नट

माझ्या लेकीची नौदलात निवड झाल्याचं कळल्यावर पिरंगुटच्या चहाच्या टपरीवर शेजारचे दादा म्हणाले, “विमानवाहू जहाजाचं आता काय खरं न्हाई. एक क्षेपणास्त्र आलं, की गेलं तळाला!”

घरी हे सांगितल्यावर लेकीने विचारलं, “बाबा, तुम्ही होता ना तसल्या जहाजावर? खरंच निरुपयोगी झालंय?”

इतकी वर्षं टाळलेलं मी सांगून टाकलं. रोज उड्डाणांआधी आम्ही एका रांगेत सगळा डेक चालत तपासायचो, कारण बोल्टवरून निसटलेला साधा नटही विमानाच्या इंजिनात ओढला जातो. एकदा मला नट दिसला. रांगेतला शेजारचा उचलेल म्हणून मी पुढे गेलो. इंजिन गेलं, ठपका त्या शेजारच्यावर आला आणि मी गप्प राहिलो.

“जहाज लागतंच,” मी म्हणालो. “आपली जमीन नसते तिथे तेच आपला विमानतळ. क्षेपणास्त्राची भीती खरी आहे, म्हणून राखणीला दुसरी जहाजं असतात. माझ्यासारख्यापासून मात्र त्याला कोण राखणार?”

“मी जाणारच आहे,” ती म्हणाली. “तुम्ही आधी त्या काकांना फोन लावा.”

लावला. त्याने मनसोक्त शिव्या घातल्या. मग दम घेऊन विचारलं, “पोरगी कधी निघतेय रे?”